प्रज्ञावान मुलांसाठीच्या शिक्षक मंडळात पदे कोण घेणार आणि काम कोण करणार?

गिरणाकाठ

नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या शिक्षकांचे एक नोंदणीकृत मंडळ आहे, आणि त्याची सचिव म्हणून माझी मुदत येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत संपते. मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे मांडायचे आहे ते आमच्यापुरते नाही. गणित किंवा विज्ञान अध्यापक मंडळाच्या कार्यकारिणीत ज्यांनी एखादी मुदत काढली आहे, त्यांना ते सगळे ओळखीचे वाटेल. निवड जवळ आली की अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष या पदांसाठी फोन सुरू होतात. तालुक्याच्या गावी महिन्यातले दोन रविवार मुलांना घेऊन कोण बसणार असे विचारले, की मात्र प्रत्येकाला घरचे लग्न आठवते.

माझे म्हणणे असे की यात दोष माणसांचा कमी आणि पदांच्या रचनेचा जास्त आहे. आपल्या घटनेत लिहिलेली सगळी पदे सभा चालवण्याची, सह्या करण्याची आणि व्यासपीठावर बसण्याची आहेत. मुलांशी थेट संबंध येईल असे एकही पद त्यात नाही. त्यामुळे मंडळही हळूहळू त्या पदांसारखेच होत जाते. दहावीचा निकाल लागला की गुणवंतांचा सत्कार, दिवाळीनंतर शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, जानेवारीत एखादे व्याख्यान आणि थंडीत भरिताच्या पार्टीला जोडून सभा, एवढ्यात वर्ष सरते. यातले काहीही वाईट नाही, भरीत तर नाहीच. पण ज्या मुलांसाठी मंडळ काढले ती यात कोठे आहेत, हे मला दरवर्षी अहवाल लिहिताना शोधावे लागते.

गेल्या वर्षी यावल तालुक्यातल्या एका शाळेत सातवीतली एक मुलगी आमच्या एका सहकाऱ्यांच्या नजरेस आली. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने होते. एकात रावेरचा केळीचा त्या दिवशीचा भाव, दुसऱ्यात बऱ्हाणपूरचा, आणि दोहोंतला फरक शेजारी लाल शाईने. बऱ्हाणपूरचा भाव हलला की रावेरचा किती दिवसांनी हलतो, हे ती शोधत होती, आणि ज्या दिवशी ते जुळले नाही त्या दिवसापुढे तिने "का?" एवढेच लिहून ठेवले होते. पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या यादीत ती नव्हती आणि शाळेच्या गुणवंतांच्या फलकावरही नव्हती. सहकाऱ्यांनी तिला आलेख काढायला शिकवले, सरासरी आणि मध्यक यांतला फरक दाखवला, आणि दिवाळी ते होळी एवढ्या काळात ती नववीच्या सांख्यिकीपर्यंत येऊन पोचली. हे काम त्यांनी कोणत्या पदावरून केले? कोणत्याच नाही. वार्षिक अहवालात त्याला एक ओळ मिळाली आणि सत्कार समारंभाला दीड पान.

म्हणून सभेपुढे असा प्रस्ताव ठेवावा असे मनात आहे की कायद्याने आवश्यक तेवढीच पदे ठेवावीत आणि बाकीची जबाबदारी कामाच्या नावाने वाटावी. तालुक्याच्या रविवार गटाचा एक प्रमुख, शिक्षकांकडून निरीक्षणाच्या नोंदी जमा करणारा एक, पालकांना भेटणारा एक, आणि मुलांच्या घरच्या भाषेत साहित्य तयार करणारा एक. प्रत्येकाची मुदत एका शैक्षणिक वर्षाची असावी आणि प्रत्येकाबरोबर पहिल्या दिवसापासून एक साथीदार असावा. ज्याने यांपैकी एक काम वर्षभर केले आहे, त्यालाच पुढे अध्यक्ष किंवा सचिव होता यावे.

यात अडचणी कोणत्या येतील, आणि तुमच्या मंडळांत यातले काही करून पाहिले असेल तर त्याचे काय झाले, हे कृपया सविस्तर लिहावे.

पांझरेवरचा आबा

ताई, निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने लिहितो. तुमच्या प्रस्तावातली शेवटची अट वाचून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली.

आपल्याकडे अध्यक्षपद संस्थाचालकाला किंवा एखाद्या पुढाऱ्याला देतात, त्यामागे केवळ लाचारी असते असे समजू नये. सभागृह फुकट मिळते, शाळेचे वर्ग रविवारी उघडतात, मुख्याध्यापक शिक्षकाला सोडतात आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात पाच मिनिटे बसायला मिळते. रविवार गट भरवायचा तर आधी शाळेच्या फाटकाची किल्ली लागते. ती शिपाईदादांच्या घरी असते, आणि ती मागायला अधिकार नसलेला सहशिक्षक गेला तर काय उत्तर मिळते ते मी पाहिलेले आहे. कामाचा माणूस अध्यक्ष झाला आणि किल्ली मिळाली नाही, तर मुले ओट्यावर बसतील.

तरीही तुमच्या मुद्द्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथल्या वसतिगृहाचेही काम पाहत होते. त्या काळात ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. ते काम कोणत्याही पदाने त्यांच्यावर टाकलेले नव्हते. गावात श्रीमंत प्रतापशेठ यांच्यासारखा दाता होता, 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर होते, म्हणजे किल्ली देणारा आणि काम करणारा असे दोघेही एकाच गावात होते. मला वाटते की आपल्याला दोघांचीही गरज आहे, फक्त त्यांना एका खुर्चीत बसवू नये. संस्थाचालकांना मार्गदर्शक मंडळात घ्यावे, त्यांचा मान ठेवावा, पत्रिकेवर नाव वर छापावे. निर्णय मात्र काम करणाऱ्यांच्या कार्यकारिणीने घ्यावेत.

आणि एक. संस्थापक सदस्यांना सन्मानाने बाजूला करण्याची काही तरी रीत घटनेत असू द्या. मी स्वतः त्याच वयाचा आहे, म्हणून हे मोकळेपणाने लिहू शकतो.

विद्यापीठ परिसर

मी जळगावात मानसशास्त्र शिकवतो. गिरणाकाठ यांनी सांगितलेल्या चार कामांपैकी निरीक्षणाच्या नोंदींचे काम सर्वांत कंटाळवाणे वाटेल, पण मंडळाचे खरे व्यावसायिक काम तेच आहे, असे माझे मत आहे.

केवळ एका चाचणीवर विसंबून मुले निवडली की काय होते, याचे उदाहरण या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असलेले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियात बुद्धिगुणांकाच्या आधारे सुमारे दीड हजार मुले निवडली आणि त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. निवडीच्या वेळी ज्यांचे गुण कमी पडले त्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. पुढे अनुक्रमे 1956 आणि 1968 मध्ये दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्या मुलांपैकी ते कोणालाही मिळाले नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी 1978 मध्ये मांडणी केली ती साधारणपणे अशी, की सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे असामान्य काम घडते. त्या मुलीच्या वहीतला "का?" हा तिसऱ्या गोष्टीचा पुरावा आहे, आणि तो कोणत्याही बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत सापडत नाही. तो सापडतो रोज वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला, आणि तेही त्याला काय पाहायचे हे कोणी सांगितले असेल तरच.

आपल्याकडे याचे भान नव्हते असे नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणासाठीची संस्था 1962 मध्ये सुरू झाली, तिची प्रशाला 1969 मध्ये, आणि बुद्धिमत्तेच्या निरनिराळ्या पैलूंच्या चाचण्या मराठीत तयार करण्याचे काम तेथे वर्षानुवर्षे झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांसाठी शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर विषयांची मंडळे व प्रकल्पगट असावेत असे लिहिलेले आहे, आणि बी.एड.मध्ये या विषयाचे विशेष प्रशिक्षण देता येईल असेही म्हटले आहे. म्हणजे तुमचा रविवार गट धोरणाच्या विरोधात तर नाहीच, उलट धोरणाने ज्याची अपेक्षा केली आहे तेच तुम्ही करता आहात. हे पत्रात लिहून शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. आबांच्या किल्लीचा प्रश्न निम्मा सुटेल.

नोंदीचा नमुना मात्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. शिक्षकाला आधीच इतकी माहिती भरावी लागते की दोन पानांचा नमुना पाहिला की तो सगळ्या मुलांपुढे "उत्तम" लिहून मोकळा होतो. तीन प्रश्न पुरेत: मूल न सांगता काय करते, कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, आणि कोणत्या कामात त्याला वेळेचे भान राहत नाही.

क्लासचालक जळगाव

सर्वांचे वाचले. एक स्पष्ट विचारतो. मी शिष्यवृत्ती, नवोदय आणि होमी भाभा परीक्षेचे वर्ग चालवतो आणि एका अध्यापक मंडळाचा आजीव सभासदही आहे. मंडळाच्या सराव परीक्षांचा छपाईचा खर्च अनेकदा आमच्यासारख्यांनी उचललेला असतो. तरीही कार्यकारिणीचा विषय निघाला की "क्लासवाले नकोत" असा सूर लागतो. आम्ही मुलांना शिकवत नाही का?

यावलची आई

भाऊ, तुम्ही शिकवता याबद्दल कोणाचीच तक्रार नसावी. माझा मुलगाही एका वर्गाला जात होता. तक्रार वेगळी आहे. मंडळाने आमच्या भागात ज्या मुलांच्या नोंदी केल्या होत्या, त्यांच्या पालकांना आठवड्याभरात एका खासगी वर्गाचे फोन येऊ लागले. यादी कोणी दिली हे कळले नाही, आणि कळले असते तरी उपयोग नव्हता, कारण यादी गुप्त ठेवावी असा मंडळाचा नियमच नव्हता. त्यानंतर दोन आयांनी मुलांना गटात पाठवणे बंद केले. त्यांना वाटले की हा सगळा खटाटोप गिऱ्हाईक शोधण्यासाठीच आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकाने खासगी शिकवणी घेता कामा नये, त्यामुळे शाळेतल्या शिक्षकांचा प्रश्न कायद्यानेच सुटतो. पूर्णवेळ वर्ग चालवणाऱ्यांना तो लागू नाही, म्हणून त्यांच्यासाठी मंडळानेच नियम करावा. सभासद व्हा, छपाईला मदत करा, प्रश्न काढून द्या. पण मुलांची नावे ज्या कागदावर आहेत तो कागद तुमच्या हाती येऊ नये. यात तुमचा अपमान नाही.

हाच नियम आम्हा पालकांनाही लावावा. पालक कार्यकारिणीत हवेत, कारण आई-वडिलांना काय वाटते हे शिक्षक अंदाजाने सांगतात आणि तो अंदाज बहुतेक वेळा चुकतो. पण ज्या वर्षी स्वतःचे मूल निवडीत असेल त्या वर्षी त्या पालकाने निवडीच्या बैठकीला बसू नये. मी हे लिहिते आहे आणि मलाही ते जड जाणार आहे, कारण धाकटीचे नाव पुढच्या वर्षी येण्यासारखे आहे.

धडगावहून

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. इथले नेटवर्क पाहता उत्तर उशिराच जाणार, म्हणून एकदाच सगळे लिहितो.

तुमच्या प्रस्तावात चौथे काम शेवटी लिहिले आहे, माझ्या दृष्टीने ते पहिले आहे. माझ्या वर्गातली मुले घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. पहिलीला येणारे मूल मराठी ऐकते ते माझ्याच तोंडून. त्याच्यासमोर मराठीतली चाचणी ठेवली तर आपण त्याची बुद्धी मोजत नाही, शाळेत येऊन त्याला किती वर्षे झाली ते मोजतो. माझ्याकडे एक मुलगा आहे, तो डोंगराच्या कोणत्या उतारावर पाणी आधी आटेल हे सांगतो आणि ते खरे ठरते. विचारले की पावरीत दहा वाक्ये बोलतो आणि मराठीत "माहीत नाही" म्हणतो. अहिराणी बोलणाऱ्या मुलाचेही थोड्या फार फरकाने हेच होते, पण मराठीला जवळची असल्यामुळे ती अडचण तुम्हा सपाटीवरच्या लोकांना दिसत नाही. कृपया राग मानू नये.

दुसरे असे की परीक्षांच्या ज्या वाटा आपण गृहीत धरतो त्या इकडे अर्ध्यावर थांबतात. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचेच पाहा. आठवीत परीक्षा, पुढे बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. पण राहणे, जेवण आणि शिक्षण ज्या शासकीय निवासी शाळेत मिळते तेथल्या विद्यार्थ्याला ती मिळत नाही. आमच्याकडची हुशार मुले आश्रमशाळेतच असतात. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा होती, तीही 2021 नंतर थांबलेली आहे. तेव्हा मंडळाने नेतृत्व करायचे म्हणजे उपलब्ध परीक्षांची तयारी करून घ्यायची, ही समजूत निदान नंदुरबारपुरती तरी सोडावी.

तिसरे म्हणजे स्थलांतर. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात आणि मूल बरोबर जाते. वर्षभर चालणारा गट इथे जून ते ऑक्टोबर एवढाच चालतो. मुदत "एका शैक्षणिक वर्षाची" लिहिताना हे लक्षात ठेवावे.

आणि माझी स्वतःची गोष्ट. मला काम करायचे आहे. पण मंडळाची बैठक जळगावला असते. जाऊन येऊन दोन दिवस जातात आणि एसटीचे तिकीट माझ्या खिशातले. सभासदांना वाटते की नंदुरबारचे लोक उदासीन आहेत.

पुण्यातला खान्देशी

धडगावच्या सरांचा शेवटचा परिच्छेद वाचून मान खाली गेली. मूळचा चोपड्याचा, आता पुण्यात संगणकाच्या नोकरीत. आमच्यासारखे अनेक जण मदत करू इच्छितात, पण मदत म्हणजे पैसे पाठवणे किंवा उन्हाळ्यात येऊन "करिअर मार्गदर्शन" देणे एवढेच आम्हाला सुचते. दूर राहून करता येईल असे काम आम्हाला नेमून द्या. नोंदी संगणकावर चढवणे, एका मुलाशी महिन्यातून दोनदा फोनवर गणिताविषयी बोलणे, पुस्तके निवडून पाठवणे.

इतरत्र काय करतात याबद्दल दोन गोष्टी. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ही सहावी आणि नववीसाठीची परीक्षा 1981 पासून बृहन्मुंबईचे विज्ञान अध्यापक मंडळ घेते. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत असे तिचे टप्पे आहेत. एवढी मोठी यंत्रणा शिक्षकांच्या मंडळाने उभी केली आणि टिकवली, कारण प्रत्येक टप्प्याला नेमके काम आहे आणि ते काम करणारा नेमका शिक्षक आहे. दुसरी गोष्ट अमेरिकेची. तिकडे 1954 पासून प्रज्ञावान मुलांसाठीची राष्ट्रीय संघटना आहे, नॅशनल असोसिएशन फॉर गिफ्टेड चिल्ड्रन. तिच्यात पुढचा अध्यक्ष आधीच निवडलेला असतो आणि चालू अध्यक्षाबरोबर बसून तो काम शिकतो. सभासदांचे विषयवार गटही असतात, आणि ते सभासदच स्वेच्छेने चालवतात. गिरणाकाठ यांनी सुचवलेला साथीदार हा साधारण तोच विचार आहे. आपल्या केळीच्या बागेत घड उतरण्याआधीच बुडाशी पील, म्हणजे पुढचे रोप, राखलेले असते, तसे हे आहे.

हिशेबनीस भुसावळ

चर्चा चांगली चालली आहे, पण कोणीतरी कागदाचे बोलले पाहिजे. अनेक मंडळांचे लेखे तपासतो, त्यावरून लिहितो.

घटनेत नवी पदे घालण्याच्या भानगडीत पडू नका. घटनादुरुस्ती करायची तर विशेष सभा, गणसंख्या, धर्मादाय कार्यालयाची प्रक्रिया, आणि मग वर्ष त्यातच जाते. घटनेत उपसमित्या नेमण्याचा अधिकार कार्यकारिणीला बहुधा दिलेला असतोच. त्या कलमाखाली साधा ठराव करा: अमुक तालुक्याची गट उपसमिती, प्रमुख अमुक, साथीदार तमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत. पुढच्या वर्षी नाव बदलायचे असेल तर पुन्हा ठराव. अध्यक्ष होण्यापूर्वी वर्षभर काम केलेले असावे ही अट मात्र पात्रतेची आहे. ती पक्की करायची असेल तर घटनेतच घालावी लागेल, तोवर संकेत म्हणून पाळा.

जी मंडळे संस्था म्हणून 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि न्यास म्हणून 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहेत, त्यांची कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांच्या आत या दुसऱ्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बदल अर्ज दाखल करावा लागतो. खान्देशात मी अशी मंडळे पाहिली आहेत की सभेत तीन वेळा नवी कार्यकारिणी निवडली गेली आणि धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर, म्हणजे तिथल्या अधिकृत नोंदीत, मात्र अजून पहिलीच नावे आहेत. त्यांतले दोघे वारलेले. मग बँक सह्या बदलू देत नाही, आणि काम करणारा सचिव स्वतःच्या खिशातून खर्च करून वर्षअखेरीस मेटाकुटीला येतो. स्वयंसेवक निघून जाण्याचे हे एक मोठे कारण आहे, पण भाषणात त्याचा उल्लेख कोणी करत नाही. वर्ष 31 मार्चला संपते, त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण झाले पाहिजे, म्हणजे सभा जूनमध्ये घेतली तर नव्या माणसाला निदान श्वास घेण्याइतका वेळ मिळतो.

धडगावच्या सरांच्या तिकिटाबद्दल. मानधन आणि प्रवासखर्च या वेगळ्या गोष्टी आहेत. पदाधिकाऱ्यांना मानधन देताना घटना आणि कायदा दोन्ही पाहावे लागतात. प्रत्यक्ष झालेला प्रवासखर्च ठराव आणि तिकिटासह दिला तर त्यात काहीही गैर नाही. "सेवा म्हणजे खर्च मागायचा नाही" ही भावना शहरात घर असलेल्यांना परवडते.

समुपदेशक

रविवार गटाविषयी एक गोष्ट राहून गेली आहे. सुटीच्या दिवशी रिकाम्या शाळेत एक प्रौढ आणि काही मुले असा प्रसंग कधीही येऊ देऊ नये. दोन प्रौढ हजर असल्याशिवाय गट भरणार नाही, त्यांतील एक बाई असेल, वर्गाचे दार उघडे राहील आणि पालकांची लेखी संमती आधी घेतली जाईल, एवढे ठरावात लिहा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा काय सांगतो, याचे एक सत्र प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला द्यावे. मुलांची छायाचित्रे "आमचे प्रज्ञावंत" म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवणेही थांबवावे. गावात एकदा हा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक चाचणीत ते मूल भीतीनेच बसते, आणि शेजारच्या बाकावरचे मूल त्याच्याशी बोलेनासे होते.

क्लासचालक जळगाव

यावलच्या ताईंचे म्हणणे पटले. नावांच्या यादीला हात लावणार नाही, असे लिहून देण्यास तयार आहे. गणिताच्या कोड्यांचा संच काढून देईन, त्यावर वर्गाचे नाव छापणार नाही. यापेक्षा जास्त मात्र मागू नये, कारण मलाही घर चालवायचे आहे.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः हिशेबनीस यांनी माझे एक मोठे ओझे उतरवले. उपसमितीच्या ठरावाने काम होणार असेल तर यंदाच सुरुवात करता येईल.

आबांशी मी अर्धी सहमत आहे. किल्ली देणारा आणि काम करणारा वेगळे ठेवावेत हे मान्य. पण मार्गदर्शक मंडळातले सन्माननीय सदस्य मुलांच्या निवडीच्या दिवशी आपापली नावे सुचवू लागतात, हेही आपण पाहिलेले आहे. म्हणून ते सल्ला देतील आणि मुलांची यादी त्यांच्यापुढेही जाणार नाही, असे लिहून घ्यावे लागेल. यावलच्या ताईंचा नियम आपण सर्वांनाच लावू या: ज्यांचे मूल किंवा ज्यांचा व्यवसाय यादीशी जोडलेला आहे त्यांनी यादीपासून दूर राहावे. सचिवही त्याला अपवाद नाही.

धडगावच्या सरांनी जे लिहिले त्यामुळे प्रस्तावाचा क्रम बदलते. भाषेची उपसमिती पहिली होईल आणि तिचे प्रमुखपद नंदुरबार जिल्ह्यातल्या शिक्षकाकडेच राहील. निरीक्षणाचे तीन प्रश्न शिक्षक मुलाला त्याच्या भाषेत विचारील आणि उत्तर त्याच भाषेत लिहून घेईल; मराठी करण्याचे काम नंतर, दुसऱ्या माणसाने. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांसाठी गटाचे वर्ष जून ते ऑक्टोबर असेच धरू. कामाचे मोजमापही किती मुले परीक्षेत आली यावर न करता किती मुलांबरोबर तोच स्वयंसेवक हंगामभर टिकला यावर करावे, असे सुचवते. अहवालात सत्काराला अर्धे पान पुरे.

बैठकीच्या जागेबद्दल: जळगाव आणि नंदुरबार दोन्ही सुरत-भुसावळ मार्गावर आहेत आणि अमळनेर त्याच मार्गावर मध्ये येते. धुळेकरांना तेथे एसटीने येता येते. वर्षातल्या दोन बैठका अमळनेरला आणि बाकीच्या रात्री आठनंतर फोनवर, असे ठेवले तर चालेल का?

पांझरेवरचा आबा

अमळनेर चालेल. तेथल्या एका शाळेची किल्ली मी मिळवून देतो, पण पत्र मंडळाच्या लेटरहेडवर आणि सचिवाच्या सहीचे हवे. मार्गदर्शक मंडळाबद्दल तुम्ही लिहिलेले कडू आहे आणि बरोबर आहे.

धडगावहून

भाषेच्या कामाला मी तयार आहे. साथीदार म्हणून मोलगीकडच्या एका बाईंचे नाव सुचवीन, त्यांना विचारून कळवतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघून नंदुरबारला मुक्काम आणि रविवारी पहाटेची गाडी, असे जमेल. फक्त सभा जूनच्या मधल्या आठवड्यात ठेवू नका. शाळा उघडतात, प्रवेशोत्सव असतो आणि पाड्यापाड्यांवर जाऊन मुले आणावी लागतात.

हिशेबनीस भुसावळ

मग महिन्याचा शेवटचा रविवार धरा. सूचनापत्र किती दिवस आधी द्यायचे ते तुमच्या घटनेत असेल, त्याप्रमाणे पोस्टाची पावती जपून ठेवा. ठरावाचा मसुदा मला पाठवा, मी वाचून देतो. त्याचे बिल पाठवणार नाही.